दुसरी किल्ली

"सर, हे काम नक्की कोणी केलं? तुम्ही, की त्यांनी?"

फोनवरची बाई दुसऱ्यांदा विचारत होती. आवाज गोड, पुण्याकडचा, आणि घाई अजिबात नाही. मी हातातला कप खाली ठेवला. मंगळवार, दुपारचे साडेतीन. केबिनच्या काचेतून अपेक्षा बनसोडे समोरच दिसत होती. एका यंत्रमागवाल्याला ती तेलुगूत काहीतरी समजावत होती आणि तो मान डोलावत होता. फोन तिच्याबद्दलच चालला आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"तसं बघितलं तर मॅडम, शाखेचं काम म्हणजे सगळ्यांचंच असतं," मी म्हणालो. "टीमवर्क."

हे उत्तर मी नोकरीत शेकडो वेळा दिलं असेल. हेड ऑफिसला चालतं, ऑडिटरला चालतं, चेअरमनसाहेबांना तर फारच आवडतं. या बाईला चाललं नाही. ती म्हणाली, टीमवर्क ठीक आहे सर, पण कल्पना एकाच डोक्यात येते ना आधी?

मी रावसाहेब ढवळे. गाव टेंभुर्णी, नोकरी सोलापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेत, पूर्व भागातल्या शाखेचा शाखाधिकारी. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. पस्तीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही, एक शेरा नाही. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. आता सांगत नाही.

बाईचं नाव पायल. दक्षिणेतल्या एका मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये ती प्रवेशाचे अर्ज तपासायची. अपेक्षा आमची कर्ज विभागाची ऑफिसर, वय तीस, नोकरीचा अनुभव सात वर्षं. नोकरी करणाऱ्यांसाठी तिथं एका वर्षाचा कोर्स असतो, त्याला तिनं अर्ज केला होता. गेल्या वर्षी नाव लागलं नव्हतं. यंदा परीक्षेत गुण उत्तम पडले होते. तिचे वडील जोतीराम कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पोरीच्या लग्नाचा विषय त्यांनी अजून एक वर्ष लांबवायचं कबूल केलं होतं. एकच वर्ष. त्यानंतर काय, हे बापलेकीत बोलून झालेलं होतं, आणि तिनं ते मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं.

पायल मॅडमनी सगळं शांतपणे मांडलं. अपेक्षानं अर्जात लिहिलं होतं की 'हंगामी हप्ता' ही योजना तिनं तयार केली. मॅडमनी आमच्या बँकेची वेबसाइट उघडली. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक अहवालात पान सातवर माझा फोटो. अंगावर शाल, हातात नारळ, चेअरमनसाहेब शेजारी. खाली छापलेलं, 'हंगामी हप्ता योजनेचे जनक.' आणि तिच्यासाठी शिफारसपत्र भरलं होतं ते याच जनकानं, त्यात योजनेचं नावसुद्धा नाही.

"शिवाय तुम्ही त्यांना एकूण श्रेणी दिलीये 'चांगली'," पायल मॅडम म्हणाल्या.

"मग? चांगलीच आहे ती."

"सर, आमच्याकडे पाच श्रेणी असतात. 'चांगली' ही खालून दुसरी. स्वतःच्या साहेबानं 'चांगली' लिहिलं की आम्ही समजतो, त्याला नाही म्हणायचंय, पण तोंडावर म्हणवत नाहीये."

मला घाम फुटला. वर पंखा होता, एसीही होता.

पुढचं त्यांनी आणखी हळू आवाजात सांगितलं. दोघांपैकी एकाचं खोटं आहे. उमेदवाराचं असेल तर अर्ज बंद, आणि तो कायमचा बंद, पुन्हा करता येत नाही. समितीची बैठक गुरुवारी. उद्या पाच वाजेपर्यंत माझा लेखी खुलासा पाहिजे. नाही आला, तर वार्षिक अहवाल खरा धरणार.

फोन ठेवला तेव्हा तो यंत्रमागवाला निघून गेला होता आणि अपेक्षा पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. माझ्याकडे बघून हसली. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला वाटलं हिला कळलं.

आता हे 'चांगलं' प्रकरण काय आहे ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की म्हाताऱ्यानं पोरीवर डूख धरला होता. तसं नव्हतं. आमच्या बँकेत दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल जातो. त्यात साधारण, चांगला, उत्तम, अत्युत्कृष्ट असे रकाने. आता शहाणा शाखाधिकारी काय करतो? बिनकामाच्या माणसाला 'उत्तम' लिहितो, म्हणजे हेड ऑफिस त्याला उचलून नेतं आणि शाखेची पीडा जाते. आणि जो खरा राबतो त्याला लिहितो 'चांगला'. 'चांगल्या'कडे कुणी बघत नाही. तो आपल्याजवळ राहतो. हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं, मी ते पुढं चौघांना शिकवलं. सगळेच करतात. पिकतं तिथं विकत नाही ते उगाच नाही.

अपेक्षाला मी सात वर्षं 'चांगला' लिहिलं. दोनदा तिचं प्रमोशन हुकलं. दोन्ही वेळा मी तिला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि सांगितलं, वरचं राजकारण आहे बाई, आपण काय करणार.

आणि शिफारसपत्र? आमच्याकडं पद्धत अशी की ज्याला पत्र पाहिजे त्यानं लिहून आणायचं, साहेबानं सही करायची. मी तिला तसंच म्हणालो होतो, तूच भर, मी बटण दाबतो. ती म्हणाली, साहेब, ते नियमात बसत नाही, तुमचं तुम्हीच भरा. माझं इंग्रजी म्हणजे अर्धपगारी रजेवर. सात वर्षं माझी सगळी इंग्रजी पत्रं हीच लिहीत आली. मग मी एकटाच बसलो आणि आयुष्यभर जे भरत आलो तेच भरलं. वक्तशीर. कामसू. आज्ञाधारक. सुधारणेला वाव: क्वचित वरिष्ठांशी वाद घालते. एकूण श्रेणी: चांगली. भरून झाल्यावर मला समाधानसुद्धा वाटलं होतं, की बघा, वायफळ स्तुती न करता कसं जबाबदारीनं लिहिलं.

हंगामी हप्ता तर शंभर टक्के तिचाच. टॉवेलवाल्यांचा धंदा चार-पाच महिने जोरात चालतो, पावसाळ्यात माग निम्मे बंद. पण बँकेचा हप्ता बारा महिने सारखाच, म्हणून पावसाळ्यात खाती थकायची आणि आम्ही नोटिसा काढायचो. ही पोरगी वर्षभर रविवारी मागांच्या शेडमधून हिंडली. सूत कधी घेता, माल कधी जातो, पैसे कधी येतात, लिहून घेतलं. मागवाले बहुतेक तेलुगू बोलणारे, म्हणून तेलुगू शिकली. मग तिनं हप्त्यांचं असं कोष्टक बसवलं की मंदीत कमी, तेजीत जास्त. नोटिसा काढायची वेळच येईना. अहवाल हेड ऑफिसला गेला तो माझ्या सहीनं, कारण शाखेतून जाणारा प्रत्येक कागद शाखाधिकाऱ्याच्या सहीनं जातो. मी तिचं नाव खोडलं नव्हतं हो. फक्त घातलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर नळाला पाणी आलेलं, आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं चांगुणाची, म्हणजे बायकोची, भांडी भरायची धांदल. मी बादल्या उचलल्या आणि उचलता उचलता तिला फोनचं सांगितलं. शिवाय शनिवारचंही सांगितलं, जे तिला माहीत होतंच. शनिवारी संचालक मंडळाची बैठक होती. निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून घ्यायचं माझं नाव तिथं येणार होतं, आणि ते येणार होतं या योजनेच्याच जोरावर. मला घरी बसायची फार भीती वाटते. पेपर वाचून अकरा वाजता संपतो, मग काय करायचं?

"गोलमाल लिहिलं तर?" मी म्हणालो. "दोघांचं काम, असं. तिचंबी खोटं ठरत न्हाय, माजंबी."

चांगुणानं नळ बंद केला. "ती शाल कपाटात हाय," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. मी कुणाला पांगरायला दिली न्हाय, का कुणाच्या लग्नात काडली न्हाय. तुमी कदी इचारलं न्हाय का ते."

"का?"

"त्या दिवशी मी पुढच्या रांगेत हुते की. तुमी भाषण केलंव. चेअरमनचं नाव घेतलंव, तुमच्या आईचं घेतलंव, शिपायाचंबी घेतलंव. ती पोरगी माज्याच शेजारी बसून टाळ्या वाजवत हुती."

एवढं बोलून ती पुन्हा नळाकडं वळली. मी बादली तिथंच ठेवून बाहेर जाऊन बसलो. जेवायला बोलावलं तेव्हा गेलो आणि शेंगाची चटणी ताटात तशीच ठेवून उठलो.

बुधवारी सकाळी दहाला नेहमीसारखी स्ट्राँगरूम उघडली. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक शाखाधिकाऱ्याकडं, दुसरी ऑफिसरकडं, आणि दोन्ही एकदम लावल्याशिवाय दार हलत नाही. नियमच तसा, एकट्या माणसाच्या हाती काही राहू नये म्हणून. सात वर्षं रोज सकाळी मी डाव्या बाजूला आणि ती उजव्या बाजूला. त्या दिवशी माझी किल्ली भोकात जाईना. तिनं दाराजवळचा दिवा लावला. मग ती म्हणाली, साहेब, साइटवर माझ्या अर्जापुढं काल 'प्रलंबित' आलंय, बाकीच्यांना मुलाखतीच्या तारखा आल्या. तिचा आवाज साधाच होता, पण अंगठ्याचं नख तिनं पार कुरतडून ठेवलं होतं. मी म्हणालो, येईल, येईल.

अकरा ते एक मी कॉम्प्युटरसमोर बसून इंग्रजीत पत्र लिहायचा प्रयत्न केला. दोन ओळी झाल्या. त्यातल्या एका ओळीचा अर्थ मलाच लागेना. दोन वाजता चेअरमनसाहेबांचा फोन आला, ढवळे, शनिवारचं तुमचं पक्कं समजा. मी धन्यवाद म्हणालो. घड्याळाकडं बघत बसलो. खरं सांगायचं तर त्या तासाभरात मी गोलमाल पत्र मनातल्या मनात पूर्ण तयार केलं होतं, आणि ते चांगलं जमलंही होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी मी अपेक्षाला हाक मारली.

"एक पत्र घ्यायचंय इंग्लिशमध्ये," मी म्हणालो. "अर्जंट हाय."

तिनं खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढं घेतला. "विषय, साहेब?"

"अपेक्षा बनसोडे यांचा प्रवेश अर्ज."

तिचे हात थांबले. कीबोर्ड जसा होता तसा मागं सारून ती उठून उभी राहिली.

"हे मी लिहिणार न्हाय, साहेब."

"अगं, तुज्याच फायद्याचं हाय. पाच वाजेपर्यंत गेलं न्हाय तर अर्ज बंद हुतोय तुजा."

तिचा चेहरा एकदम उतरला. "बंद झाला तरी," ती म्हणाली. "मी सही केलीय तिथं, की माझ्या शिफारशीत मी हात घातलेला न्हाय. हे मी लिहिलं तर मग खोटी मीच."

मला तिचा राग आला. खरंच आला. घर जळत असताना ही पाण्याची पावती मागते आहे असं वाटलं. आणि मग मला तिच्यासारखं राहता आलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं.

"लिहू नगंस. ऐक तरी," मी म्हणालो. "तुजे सातच्या सात अहवाल मी 'चांगला' लिहिले. मुद्दाम. हेड ऑफिसनं तुला नेऊ नये म्हणून."

बाहेर टोकनच्या मशीनचा आवाज येत होता. सत्तेचाळीस, मग अठ्ठेचाळीस. ती बोलली ते टेबलावरच्या काचेकडं बघत.

"दोनदा माझं प्रमोशन गेलं. तुमी म्हणालाव, वरचं राजकारण हाय."

"व्हय. म्हणालो."

"मी त्या लोकांना मनातल्या मनात लई शिव्या दिल्या, साहेब. तिकडं मीटिंगला गेले की त्यांच्या तोंडाकडं बघवायचं न्हाय मला." मग तिनं मान वर केली. "एक विचारते. खरं सांगा. आमचं आडनाव बघून तर न्हाय ना?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. ती आमच्या घरी कितीतरी वेळा जेवली आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते काही उत्तर नव्हे, एवढं मला कळत होतं. आणि तिला हा प्रश्न पडावा, यात माझ्या सात वर्षांच्या लबाडीचा वाटा होता, तेही कळत होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "तू कामाची हुतीस म्हणून."

"म्हणजे कामचुकार असते तर वर गेले असते."

"व्हय."

ती हसली नाही, रडलीही नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "ह्यातलं कुठलं बरं हुतं तेच मला कळंना झालंय," ती म्हणाली. मग घड्याळाकडं बघितलं. साडेतीन वाजले होते. "मराठीत लिहा. तुमच्या अक्षरात. तिथं वाचणारं कुणीतरी असंल." जाताना दार तिनं हळूच लावलं.

मी लेटरहेड घेतलं. इंग्रजीत दोन तासांत दोन ओळी झाल्या होत्या, मराठीत तासाभरात अडीच पानं झाली. रविवारच्या शेड लिहिल्या. तेलुगू लिहिलं. कोष्टक तिनं तीनदा फाडून चौथ्यांदा बसवलं, ते लिहिलं. अहवालात मी तिचं नाव घातलं नाही, आणि शाल घेताना स्टेजवरून घेतलं नाही, हेही लिहिलं. 'चांगला' का लिहायचो ते लिहिताना हात दोनदा थांबला, कारण गोपनीय अहवाल मुद्दाम चुकीचा भरणं हा बँकेत गुन्हा आहे आणि मी तो सहीनिशी कबूल करत होतो. शेवटी लिहिलं की माझ्या नोकरीत मी चाळीसेक ऑफिसर पाहिले, त्यांत हिच्यासारखी दुसरी नाही, आणि हे मला सात वर्षांपूर्वीच माहीत होतं.

मग उरली एक ओळ. बँकेच्या कामाविषयी जो कागद बाहेर जातो त्याची प्रत हेड ऑफिसला जाते. हा नियम पाळला नाही म्हणून मी दोन पोरांना सगळ्यांदेखत झापलं होतं. ही ओळ गाळली असती तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बाहेर ती पोरगी स्वतःचा अर्ज बुडत असताना नियमाला धरून बसली होती, आणि मी इथं ओळ गाळणार? लिहिलं. प्रत: मुख्य कार्यालय. हात दाखवून अवलक्षण.

स्कॅनर नेमका कागद गिळून बसला. चार पस्तीस. मी मशीनला एक चापट मारली, त्यानं काही झालं नाही. मग शिपाई संगप्पाला बोलावलं. तो अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलतो, मराठी अक्षरं एकेक करून वाचतो. त्यानं खिडकीजवळ कागद धरून मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढला, आणि फोटो काढता काढता वाचलं. त्याचे ओठ हलत होते. दुसऱ्या पानावर तो जरा जास्तच रेंगाळला. मी त्याला घाई कर म्हणालो नाही.

"अक्षर लई चांगलं हाय, साहेब," एवढंच तो म्हणाला.

चार बावन्नला मेल गेला, दोन्हीकडं. पाच वाजायला दोन मिनिटं असताना पायल मॅडमचं उत्तर आलं. पत्र मिळालं, समितीपुढे ठेवू. बस्स. मला वाटलं होतं की त्या काहीतरी जास्त लिहितील. का लिहावं त्यांनी?

शनिवारी सल्लागार म्हणून दुसऱ्याच शाखेच्या माणसाचं नाव मंजूर झालं. चेअरमनसाहेबांनी स्वतः फोन केला नाही, जनरल मॅनेजरना करायला लावला. ते म्हणाले, ढवळे, तीन महिने राहिले होते हो, कशाला उकरून काढलंत? सोमवारी खुलासा मागणारा मेमो आला, नोकरीतला पहिला. वेबसाइटवरचं पान सात कुणीतरी काढून टाकलं. तिचं नाव घालून पुन्हा चढवलं असतं तर बरं वाटलं असतं, पण पान सहानंतर एकदम आठच यायला लागलं.

त्या दिवसांत अपेक्षा माझ्याशी कामापुरतं बोलायची. उद्धटपणा नाही, रुसवा नाही. सकाळी किल्ली लावायची, साहेब म्हणायची, सह्या घ्यायची. पूर्वी डबा माझ्या टेबलावर आणून खायची, तो आता तिच्या टेबलावर उघडायला लागली. मी केबिनमध्ये एकटा जेवायचो आणि चटणीची वाटी उगाच जास्तीची काढून ठेवायचो.

तिची मुलाखत झाली. त्यानंतर उन्हाळा पेटला होता त्या आठवड्यात एका सकाळी, स्ट्राँगरूमचं दार उघडल्यावर, तिनं सांगितलं. निवड झाली, साहेब. शिष्यवृत्तीपण मिळाली. मी म्हणालो, छान झालं. तिनं मान हलवली आणि राजीनाम्याचं पाकीट पुढं केलं. पाकिटावर माझा हुद्दा तिच्याच अक्षरात, नेहमीसारखं, 'मा. शाखाधिकारी साहेब.'

महिन्याची नोटीस संपली त्या दिवशी स्टाफनं निरोपाचा कार्यक्रम ठरवला. चांगुणानं सकाळीच ती शाल काढून पिशवीत घालून दिली. डांबरगोळ्यांचा वास येत होता. म्हणाली, ज्याची त्याला द्या. मलाही ते पटलं. रस्त्यानं मी दोन वाक्यं पाठ करत आलो, जी मला दोन वर्षांपूर्वी म्हणायला पाहिजे होती.

दुपारी कार्यक्रमाआधी ती केबिनमध्ये आली. म्हणाली, साहेब, सगळ्यांना सांगा, शाल-नारळ नको मला. चहा घेऊ सगळे मिळून, तेवढं बास. बोलताना तिची नजर टेबलाखालच्या पिशवीकडं गेली होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. मी पिशवी पायानं आणखी आत सारली. चहा झाला. पाठ केलेली दोन्ही वाक्यं मी बोललो, योजनेचं नाव घेऊन, तिचं नाव घेऊन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं ऐकून घेतलं.

मग स्ट्राँगरूमचं रजिस्टर. दुसरी किल्ली परत देताना त्यात नोंद करावी लागते. तिनं तारीख घातली, वेळ घातली, सही केली आणि किल्ली टेबलावर ठेवली. किल्लीला तिनं पहिल्या वर्षी बांधलेला लाल दोरा तसाच होता. मी 'किल्ली मिळाली' लिहून सही केली. नवा ऑफिसर दुसऱ्या दिवशी यायचा होता.

"चुकलं माजं," मी म्हणालो.

"व्हय, साहेब," ती म्हणाली.

पर्स खांद्याला लावून ती निघाली. दारात संगप्पाशी थांबून दोन शब्द कन्नडमध्ये बोलली. तेही शिकली होती, मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी स्ट्राँगरूमपाशी गेलो. नवा ऑफिसर वळसंगहून यायचा होता, त्याची एसटी चुकली होती. त्याची किल्ली माझ्याच खिशात होती, पण दोन्ही एका माणसानं लावायच्या नाहीत. बाहेर काउंटरवर लोक खोळंबले होते. संगप्पानं खुर्ची आणून ठेवली. मी दाराच्या डाव्या बाजूला माझी किल्ली लावली आणि उजवीकडची जागा सोडून उभा राहिलो.